अब्जाधीशांचा बचाव : वन-बीएचकेधारकांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम

अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर कर लावावा, अशी टूम अधूनमधून निघते. अशा वेळी खुद्द अतिश्रीमंत एक अक्षर बोलत नाहीत. त्यांना सवड नसते आणि गरजही नसते, कारण तुम्ही असता. सोसायटीच्या ग्रुपवर, सकाळच्या फिरण्यात, लग्नाच्या पंगतीत हा किल्ला तुम्हालाच लढवायचा असतो. पण नवशिके उत्साहाच्या भरात नको ते बोलून जातात. एका गृहस्थांनी वाद रंगात आला असताना ‘माझ्या एफडीवर मात्र दरवर्षी टीडीएस कापतात हो!’ असं कबूल करून टाकलं आणि हातातली बाजी गेली.

तुमचं तसं होऊ नये म्हणून पुढच्या पायऱ्या क्रमाने शिका. पूर्वानुभवाची गरज नाही. संपत्तीची तर मुळीच नाही.

१. आधी ‘आपण’ म्हणायला शिका

‘त्यांच्यावर कर लावतील’ असं म्हटलंत की ऐकणारा ‘मग लावू देत की’ म्हणून मोकळा होतो. ‘आपल्यावर कर लावतील’ म्हणा. तो लगेच खुर्ची पुढे ओढतो.

आता आकडा. तो माहीत असावा, पण बोलून दाखवू नये. २०२४ मध्ये जी-२० चं अध्यक्षपद ब्राझीलकडे असताना गॅब्रिएल झुकमन या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने एक योजना मांडली. ज्यांची संपत्ती एक अब्ज डॉलरच्या वर आहे, त्यांनी दरवर्षी निदान संपत्तीच्या २ टक्के इतका तरी कर भरावा. अख्ख्या जगात अशी माणसं सुमारे तीन हजार. अब्ज डॉलर म्हणजे आपले आठ हजार कोटींहून अधिक. तुम्ही वर्षाला दहा लाख रुपये बाजूला टाकत असाल (टाकत नाही, पण धरून चालू), तर या कराच्या कक्षेत यायला तुम्हाला ऐंशी हजार वर्षं लागतील, व्याज न धरता. तेव्हा काळजी अगदी रास्त आहे. आजपासूनच करायला लागा.

२. मंगळसूत्र पुढे करा

अब्जाधीशाचा फोटो दाखवून कुणाला कळवळा येत नाही. त्याच्या घरच्या लग्नाचा तर चुकूनही दाखवू नका. दाखवायचं ते मंगळसूत्र, तेही दोन वाट्यांचं, साधं, काळ्या मण्यांचं.

हे अस्त्र किती अचूक लागतं ते एप्रिल २०२४ मध्ये सिद्ध झालंय. लोकसभेचा प्रचार ऐन रंगात होता. मंगळसूत्र प्रचारसभांत आधीच पोचलं होतं, तेवढ्यात सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराविषयी काही बोलून ठेवलं. बोलणं अमेरिकेतल्या कायद्याचं, इथे कसलंही विधेयक नाही, मसुदा नाही. तरी गदारोळ असा उठला की त्यांच्याच काँग्रेस पक्षाला हात झटकावे लागले. त्यानंतर वारसा कराचं नाव काढायला कुठलाही पक्ष धजावेल असं वाटत नाही. बघा, एकही आकडेमोड न करता केवढं काम झालं.

घरी सराव करा. स्वयंपाकघरात जाऊन म्हणा, ‘तुझे सोन्याचे डाग मोजायला येणार आहेत.’ ‘कोण?’ असं विचारलं तर ‘सरकार’ म्हणा. ‘त्यातल्या पाटल्या तुम्हीच गोल्ड लोनला ठेवल्यात, त्या आधी सोडवून आणा’ असं उत्तर आलं, तर पुढच्या पायरीकडे वळा.

३. ‘कागदावरची संपत्ती’ हा मंत्र पाठ करा

शेअरचा भाव वाढला म्हणजे हातात पैसा आला का? विकल्याशिवाय नफा नाही आणि नफ्याशिवाय कर नाही. मुद्दा ऐकायला इतका न्याय्य वाटतो की समोरचा मान डोलावतो. आपला आयकर कायदाही असंच मानतो. शेअर बाजारात नोंदलेले शेअर वर्षभर ठेवून विकले, तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. पगारदाराला वरच्या टप्प्यात ३० टक्के. पण विकतो कोण? शेअर तारण ठेवायचे आणि कर्ज उचलायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे त्यावर कर नाही. पुढे ते मुलाच्या नावावर करायचे. वडिलांनी दिलेल्या भेटीवर मुलाला कर नाही, त्यांच्या मागे आलेल्या वारशावरही नाही. मुलाने विकायला काढलेच तर वडिलांची मूळ खरेदी किंमत धरून नफा काढावा लागतो, हे खरं. पण मुलगाही विकत नाही. त्याला तसंच वळण लावलेलं असतं.

इथपर्यंत तुम्ही सफाईने बोलाल. नवशिक्याचा पाय घसरतो तो यानंतर, कारण त्याच्याच घरात दोन घातक कागद असतात.

पहिला कागद म्हणजे क्युम्युलेटिव्ह एफडीची पावती. व्याज पाच वर्षांनी मुदत संपल्यावर हातात पडणार, पण बँक त्याचा हिशेब दरवर्षी करते आणि दरवर्षी ते तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. न मिळालेल्या पैशावर कर लावता येत नाही, हे तत्त्व तुम्ही मोठ्या आवाजात सांगत असाल तर ही पावती कपाटात खोल ठेवा.

दुसरा कागद जास्त वाईट आहे. महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल. मुंबईत २०१० पासून हा कर घराच्या भांडवली मूल्यावर आकारतात. (५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी आहे. तुमचं ५२० भरत असेल तर नशीब.) बिल एकदा दिव्याखाली धरून नीट पाहा. घर तुम्ही विकलेलं नाही. भाड्याने दिलेलं नाही. त्यातून उत्पन्न दमडीचं नाही, उलट वर्गणी, पाणी आणि लिफ्टची दुरुस्ती. भाव वाढला असेल तर तो कागदावरच. तरी कर आहे, दरवर्षी आहे, आणि त्यात एक सुबक बारकावा आहे. झुकमनचा कर अब्जाधीशाला बसेल तो कर्ज वजा जाता उरलेल्या संपत्तीवर. तुमच्या बिलात गृहकर्जाचा रकानाच नाही. घराच्या चार भिंतींपैकी साडेतीन बँकेच्या असल्या, तरी कर चारही भिंतींचा तुम्हीच भरायचा.

थोडक्यात, विकलेलं नसताना आणि उत्पन्न नसताना दरवर्षी द्यायचा संपत्ती कर या देशात चालू आहे आणि तो तुम्ही भरता आहात. वादात ही गोष्ट बाहेर पडता कामा नये. बिल ड्रॉवरमध्ये विजेच्या बिलांखाली सरकवा. पुणेकरांनी विशेष जपावं. थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवण्याचा प्रयोग तिथल्या महापालिकेने केलेला आहे, आणि बँडच्या गजरात ‘अहो, पण ही कागदावरची संपत्ती’ हे कुणाला ऐकू जात नाही.

४. ‘मोजणार कशी?’ असं विचारा

दोन्ही हात पसरा आणि हताश चेहरा करा. शेअर, जमिनी, चित्रं, ट्रस्ट, ट्रस्टच्या पोटातले ट्रस्ट. मोजणार कोण आणि कशी?

हे म्हणताना टीपॉयवर श्रीमंतांच्या याद्या छापणारं मासिक नसेल याची खात्री करा. त्यात अमक्याने तमक्याला मागे टाकलं हे दशांश चिन्हासकट दिलेलं असतं, आणि ते तुम्हीच गेल्या आठवड्यात कौतुकाने वाचून दाखवलेलं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या प्रवर्तकाकडे किती टक्के शेअर आहेत आणि त्यातले तारण किती, हे कंपनीला दर तिमाहीला शेअर बाजाराला कळवावं लागतं. भाव दलाल स्ट्रीटवर क्षणाक्षणाला झळकत असतो. चौथीतलं पोर या दोन आकड्यांचा गुणाकार करील. तुम्ही करू नका.

तुमच्या घराच्या बाबतीत मात्र मोजदादीचं कोडं कुणालाच पडलेलं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या रेडी रेकनरमध्ये तुमच्या भागाचा दर चौरस मीटरने छापलेला आहे. ओळखीच्या माणसाने तुम्हाला फ्लॅट स्वस्तात दिला, तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्या दराने भरावं लागतं. ‘साहेब, मूल्यांकन अवघड असतं’ असं सबरजिस्ट्रारच्या खिडकीत सांगून पाहायला हरकत नाही. मागे रांग असते, एवढं लक्षात ठेवा.

बाजारात न उतरलेल्या खासगी कंपन्यांचं मोल ठरवणं खरोखर किचकट असतं. हा तुमच्या बाजूचा चांगला मुद्दा आहे, पण तो मांडायला अभ्यास लागतो. प्राथमिक अभ्यासक्रमात आपण तो घेतलेला नाही.

५. ‘करून पाहिलं, फसलं’ असं म्हणा

इतिहास सांगताना सुरुवात कुठून करायची ते महत्त्वाचं. चिंतामणराव देशमुखांपासून करू नका. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून देणारे. मराठी माणसाला त्यांचं ममत्व आहे, आणि १९५३ मध्ये इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, आला तो नेमका ते अर्थमंत्री असताना. विषय निघालाच तर त्यांच्या संस्कृत प्रेमाकडे वळवा.

१९५६ मध्ये केंब्रिजच्या निकोलस कॅल्डॉर यांनी भारताच्या करपद्धतीवर अहवाल दिला. त्यांचं म्हणणं असं की उत्पन्न, भांडवली नफा, संपत्ती, खर्च आणि भेट या पाचही ठिकाणी एकदमच कर हवा, म्हणजे एका दाराने निसटलेला दुसऱ्या दारात सापडेल. त्याप्रमाणे १९५७ मध्ये संपत्ती कर आणि खर्च कर आले, १९५८ मध्ये भेट कर. मग एकेक दार उघडं पडत गेलं. खर्च कर साठच्या दशकातच संपला. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी उठवली. भेट कर १९९८ मध्ये गेला.

संपत्ती कर कसा मारला ते मात्र बारकाईने शिका, कारण तीच खरी कारागिरी. १९९२ च्या अर्थसंकल्पाने ठरवलं की ‘उत्पादक’ संपत्तीवर कर नको. शेअर वगळले, रोखे वगळले, बँकेतल्या ठेवी वगळल्या. राहिलं काय? दागदागिने, मोटारी, बोटी, विमानं, शहरातली मोकळी जमीन, पन्नास हजारांवरची रोकड आणि घरं. त्यातही एक घर माफ. वर्षाचे तीनशे दिवस भाड्याने दिलेलं घर माफ. भाड्याने गाड्या चालवायचा धंदा असेल तर गाडी माफ. फार्महाउस नगरपालिकेच्या हद्दीपासून पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर ती संपत्ती. सव्वीसाव्या किलोमीटरवर असेल तर नुसती हिरवळ. हे सगळं वगळून जे उरेल, त्यातल्या ३० लाखांच्या वरच्या भागावर १ टक्का. ही मर्यादा शेवटच्या काळातली. आधी ती १५ लाख होती.

परिणाम पाहा. आजेसासूचं सोनं आणि गावाबाहेर घेऊन ठेवलेले, आता शहरात आलेले दोन रिकामे प्लॉट सांभाळून बसलेली बाई कराच्या जाळ्यात. हजारो कोटींचे शेअर धरून बसलेला प्रवर्तक त्या शेअरपुरता संपूर्ण बाहेर.

अशा रीतीने २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून १,००८ कोटी रुपये जमले. २८ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटलींनी हाच आकडा सांगितला आणि विचारलं, वसुलीला खर्च फार आणि हाती येतं थोडं, असा कर ठेवायचा कशाला? तो गेला. हातात चाळणी देऊन पाणी शेंदायला लावायचं आणि मग विहिरीला पाणीच नाही म्हणून जाहीर करायचं, असं कुणी कुरकुरलं तर ‘तुम्हाला अर्थशास्त्र कळत नाही’ म्हणा.

बदल्यात काय आलं? वर्षाला एक कोटीहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार. त्यातून नऊ हजार कोटींची अपेक्षा होती. वाईट नाही, मी म्हणतो. फक्त तो उत्पन्नावर आहे. रात्री दोनला उठून शस्त्रक्रियेला जाणारी डॉक्टरीण तो भरते. तिसऱ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे ज्यांची वाढ कागदाबाहेर पडतच नाही, त्यांना त्याची झळ बेताचीच.

या पायरीवर एक अस्सल हत्यार तुमच्या हाताशी आहे, ते बेलाशक वापरा. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता आणि वर संपत्ती कर. काहींना कमाईपेक्षा जास्त कर लागू होई. हा शुद्ध वेडेपणा होता, आणि काळा पैसा त्यातूनही फोफावला. एवढं सांगा आणि थांबा. ‘पण आता तर २ टक्क्यांचं चाललंय’ असं कुणी म्हणायच्या आत चहा मागवा.

६. ‘ते देश सोडून जातील’ अशी भीती घाला

नॉर्वेने २०२२ मध्ये संपत्ती कर थोडा वाढवला आणि तिथले बरेच गर्भश्रीमंत स्वित्झर्लंडला गेले. हे खरं आहे, मोठ्याने सांगा. स्वित्झर्लंडच्या प्रत्येक कॅन्टनमध्ये संपत्ती कर आहे, हे हळू सांगा. किंबहुना सांगूच नका.

आपल्याकडे दुबई जवळ पडते. इथे वर्षात ठरावीक दिवसांपेक्षा कमी राहायचं, दिवस मोजायला एक माणूस ठेवायचा. बिचाऱ्यांचे हाल लक्षात घ्या. सणवार, नातवंडांची मुंज, सगळं कॅलेंडर पाहून. अर्थात त्यांच्या खाणी, बंदरं, मुंबईतल्या जमिनी, मोबाइलच्या लहरी आणि त्यांचा साबण, तेल, डेटा विकत घेणारे तुम्ही-आम्ही, हे सगळं इथेच राहतं. विमानात मावत नाही. पण वादात हे तुम्ही आठवून द्यायचं कारण नाही.

७. नोकऱ्यांचं नाव घ्या

ही पायरी सोपी आहे. २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत, जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी, निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. सरकारचाच अंदाज होता की तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा खड्डा पडेल. त्यातून नोकऱ्या येणार होत्या. ‘किती आल्या?’ असं कुणी विचारलं तर ‘येतील’ म्हणा. मुलगा अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे, हा घरगुती विषय आहे.

८. अडचणीचे प्रश्न

समोरचा वाचणारा निघाला तर मार्च २०२४ चा वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबचा निबंध काढेल. त्यात म्हटलंय की २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. घाबरू नका. त्या निबंधाच्या लेखकांत थॉमस पिकेटी आहेत. पिकेटी फ्रेंच. झुकमन फ्रेंच. कॅल्डॉर हंगेरीत जन्मलेले. परक्यांनी आपल्याला शिकवू नये, एवढं म्हटलं की बैठक तुमच्या बाजूने वळते. निबंधाच्या लेखकांत भारतीय नावंही आहेत, तिथवर कुणी वाचत नाही.

घरकामाच्या मावशींशी मात्र या विषयावर बोलू नका. त्या साबणाच्या वडीवर अब्जाधीश भरतो त्याच दराने जीएसटी भरतात आणि त्यांना टक्क्यांत नाही, रुपयांत कळतं. एकीने फरशी पुसता पुसता विचारलं होतं, ‘काका, त्यांनी नाही भरला तर त्यांच्या वाटचा कोण भरतं?’ या प्रश्नावर अभ्यासक्रमात उत्तर नाही. पाय वर घ्या, फरशी ओली आहे.

अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळणार नाही. कुणा अब्जाधीशाचं आभाराचं पत्र येईल अशीही आशा ठेवू नका; तुम्ही आहात हे त्यांच्या कानावरच गेलेलं नाही. शेवटची एक व्यवहाराची सूचना. ड्रॉवरमधलं महापालिकेचं ते बिल मुदतीत भरा. थकलेल्या रकमेवर २ टक्के शास्ती लागते. वर्षाला नव्हे, महिन्याला.